देगेपुढची पंगत

आमच्या वेल्डरचा, तालिबचा, ओठ फाटला होता, दातांवर रक्त होतं, आणि तो मला म्हणत होता की ओठाचं राहू द्या ताई, आधी आत जाऊन प्रेशरचा काटा बघा.

मी अजून स्कूटरवरून उतरलेही नव्हते. पुढे झेंडूची पिशवी, मागे झेंडूची पिशवी. खंडेनवमीची फुलं मंडईतूनच आणायची आणि ती मीच आणायची, असा आमच्या सासूबाईंचा दंडक. कारण माझं माहेर मंडईतलं, वडिलांचा पालेभाज्यांचा गाळा. येताना कात्रजच्या चौकात अशी काही अडकले की विचारू नका. पोचते तर शेडच्या दारावर तोरण लागलेलं, आतून उदबत्तीचा आणि मसालेभाताचा वास. म्हणजे पूजा उरकली होती. फुलांवाचून कोणाचं काही अडलं नव्हतं आणि सुनेवाचून तर नव्हतंच नव्हतं.

कोणी मारलं, मी विचारलं. भीमरावनं, तो म्हणाला. भीमराव म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर, हाताचा पंजा फावड्याएवढा. कशाबद्दल मारलं? तर पूजा झालेल्या व्हॉल्व्हच्या चाकाला तालिबनं हात लावला म्हणून.

"चाक बंद आहे?" मी विचारलं.

"बंद आहे. आणि शेठनी सेफ्टीपण आवळून टाकलाय, ताई."

म्हणजे दोन्ही वाटा बंद. कसल्या वाटा, ते कळायला आमचं काम काय ते सांगायला हवं.

शेतात पीक काढल्यावर जे उरतं ते आम्ही घेतो. उसाचं पाचट, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, मक्याची बुरकुंडं. शेतकरी ते पेटवून देतात आणि मग सगळे मिळून खोकत बसतात. आम्ही ते एका भल्या मोठ्या लोखंडी पिंपात भरतो, दार बोल्टांनी आवळतो आणि खालून जाळ लावतो. आत हवा नाही, त्यामुळे माल पेटत नाही, नुसता शिजतो. त्यातून वायू निघतो. तो नळ्यांतून थंड करत नेला की त्याचं काळं तेल होतं, ते कारखान्यांच्या भट्ट्यांना चालतं. तरीही उरतो तो वायू टोकाच्या उंच नळीवर जाळून टाकायचा. हे पिंप तालिबनं स्वतः वेल्डिंग करून बांधलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, ताई, ही तर देग आहे, बिर्याणीला देतो तसा दम द्यायचा आणि झाकणाला हात लावायचा नाही. तेव्हापासून सगळे तिला देगच म्हणतात. मी केमिकल इंजिनिअर, माझ्या कागदांवर तिचं नाव रिअॅक्टर आहे. पण कागदांना कोण विचारतो.

देगेला फक्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे वाट. आतल्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. तुम्ही बंद केलीत तर ती आपली आपण काढते.

आता आमचे अण्णा. बापूराव, माझे सासरे, तालिबचे शेठ. बिबवेवाडीत लाकडी आणि दगडी कोळशाची वखार, इस्त्रीवाल्यांपासून लग्नाच्या आचाऱ्यांपर्यंत सगळे त्यांच्याकडून माल नेणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा माझ्या नवऱ्याची, तेजसची, आत्या म्हणाली, हिचा आवाज किती चढा. अण्णा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, असू दे, निदान घरात माणूस राहतं हे शेजाऱ्यांना कळेल. त्या एका वाक्यावर मी त्यांची किती तरी बोलणी गिळली. पण हट्ट! सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. तेजसनं कंपनीतली नोकरी सोडून माझ्याबरोबर हे काम सुरू केलं तेव्हापासून अण्णांचं टुमणं एकच, देगेत दगडी कोळसा घाला, पाचटात दम नाही, तेल पाण्यासारखं येतं. आम्ही नाही नाही म्हणत होतो. शेवटी तेजसनं मान टाकली. बापाला नाही म्हणायचं त्याच्या कुंडलीतच नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा देग निम्मी कोळशानं भरली गेली.

तेव्हा मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पाचट उतावळं असतं, त्याचा वायू भराभर सुटतो, सकाळी जाळ काढला की दुपारी देग थंड. कोळसा हेकट. तो उशिरा तापतो, उशिरा सुटतो आणि खालचा जाळ काढून घेतला तरी सुटतच राहतो. टोकावरची ज्योत आपण होऊन विझेपर्यंत कशालाही हात लावू नका. अण्णांनी ताक पीत मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी.

मी मंडईत फुलं निवडत होते तेव्हा इकडे काय झालं ते तालिबनं मला शेडच्या दाराशी चार वाक्यांत सांगितलं. पहाटेच जाळ काढला होता. पण टोकाची ज्योत जळत होती, कोळशामुळे तिचा धूर काळा आणि कुबट, तो वाऱ्यानं पूजेवर यायला लागला. बायका खोकायला लागल्या. अण्णांनी वायूच्या नळीवरच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवून बंद केलं. ज्योत विझली, सगळ्यांना बरं वाटलं. थोड्या वेळानं सेफ्टी, म्हणजे दाब वाढला की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, शिट्टी मारायला लागला, ऐन आरतीत. अण्णांनी त्याचाही स्क्रू आवळला. मग हळद-कुंकू, मग हार. आणि आमच्या घरचा रिवाज असा की पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वखारीतला काटाही त्या दिवशी हलत नाही. तराजूला चालतं ते. तराजूच्या पोटात काही शिजत नसतं.

मी फुलं तिथेच टाकली आणि आत गेले.

देगेचं दार समोरच्या बाजूला आहे, जात्याच्या पाळीसारखं गोल, चार माणसांशिवाय हलत नाही. त्याच्यापुढे शेडमधली एकच साफ, सपाट फरशी, शिजून उरलेला कोळसा ओढून काढायला केलेली. साहजिकच पंगत तिथेच मांडली होती. दाराला टेकून पाटावर देवीचा फोटो, बाजूला लाल कापडावर बोल्ट आवळायचे पाने, हातोडे, फावडी, सगळ्यांना कुंकवाची बोटं. आणि दोन्ही अंगांना ओळीनं माणसं. वखारीतले हमाल, ड्रायव्हर, नातेवाईक, शेजारी. अगदी दारासमोर, पहिल्या पानावर, माझा नवरा.

अण्णांनी हौसेनं प्रेशरच्या काट्यावरही हार घातला होता. मी बोटानं फुलं बाजूला केली. काटा लाल पट्टी ओलांडून शेवटच्या खिळ्याला टेकला होता. तिथून पुढे त्याला जायला जागाच नव्हती. लोखंडाला लागलेल्या पाकळ्या भाजून काळ्या पडल्या होत्या. दाराच्या कडेतून, खालच्या बोल्टापाशी, सुईच्या टोकाएवढी शिट्टी येत होती. पंगतीच्या गलक्यात ती कोणाला ऐकू जाणार?

मी आयुष्यात बोलले नसेन एवढ्या हळू आवाजात अण्णांना म्हटलं, "अण्णा, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर घ्या. दार उडणार आहे."

अण्णा काठी टेकून वाढप्यांवर लक्ष ठेवत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पानं वाढून झालीत. भरल्या पानावरून माणूस उठवत नाहीत, सूनबाई. तुमच्या मंडईत उठवत असतील."

पंगत हसली. मी वळून पंगतीलाच सांगायला लागले. आत वायू कोंडलाय, उठा, बाहेर चला, जेवण काय नंतरही होईल. मग आवाज चढला. कोणीतरी म्हणालं, वरण इकडे येऊ द्या. एका मावशीनं डोक्यावर पदर घेतला, जणू मी काही अभद्र बोलत होते. तेजसनं तोंडातला घास गिळला आणि खालच्या आवाजात म्हणाला की पूर्णिमा, प्लीज, सीन नको करूस, पंगत उठली की बघू. ज्या दारापुढे तो बसला होता त्याच्याकडे पाठ करून म्हणाला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. रागाची नव्हे, भीतीची. पण माझी भीतीही रागासारखीच दिसते, हे माझं दुर्दैव.

मी चाकाकडे गेले. चाक देगेच्या बाजूला, दोन पायऱ्या चढून. मी हार ओढून तोडला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. चटका बसला. फिरेना. पदर गुंडाळून पुन्हा धरलं, तेवढ्यात मनगटावर काठी बसली. अण्णांची. हाड वाजलं ते मला ऐकू आलं. मी ओरडले की अण्णा, माणसं मरतील, आणि त्यांनी माझ्या मानेला धरून मला पायरीवरून खाली खेचलं. माझं कपाळ नळीच्या कडेवर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, एका बाजूचं दिसेनासं झालं.

"पूजेचा हार तोडलास," एवढंच ते म्हणाले. आवाज शांत होता. तेच जास्त वाईट.

तालिब आत धावला. त्याच्या हातात लोखंडी पाईप होता, चाकाच्या आऱ्यांत अडकवून जोर लावायला. पंगतीला मात्र एवढंच दिसलं, की तालिब पाईप घेऊन अण्णांच्या अंगावर येतोय. भीमरावनं पानावरून न उठताच मोठ्यानं शिवी घातली. बसल्या बसल्या. भरल्या पानाची आण केवढी मोठी बघा! पण अण्णांनी काठी उगारली आणि तालिबच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर आला. दुसरी घातली. तिसरीसाठी काठी वर गेली तेव्हा मी लाल कापडावरचा मोठा पाना उचलला आणि अण्णांच्या गुडघ्यावर हाणला.

हातातला सगळा जीव लावून हाणला. गुडघा बाजूला वळला आणि ते फरशीवर कोसळले, देगेच्या दाराशी, देवीच्या फोटोला धक्का देत. मला वाईट वाटलं नाही. त्या वेळी मला फक्त चाक दिसत होतं.

तालिब रक्तानं भिजलेला उठला. आम्ही दोघांनी पाईप आऱ्यांत घातला आणि लोंबकळलो. वायूबरोबर डांबर येतं, चिकट, काळं. वायू वाहता असला तर ते पुढे जातं, अडकला की व्हॉल्व्हमध्ये बसून दगड होतं. कोळशाचं तर आणखी वाईट. कोळसा उगाळावा तितका काळाच. आम्ही पुन्हा जोर लावला. कडकन आवाज झाला आणि चाक दांड्यासकट आमच्या हातात आलं. वाट उघडायचा उपाय संपला. दारापाशी शिट्टीचा आवाज आता जाड झाला होता.

मग मी पंगतीकडे पाहिलं. अर्धी माणसं आ वासून बघत होती, हात भातात. दोघेजण अण्णांना सावरायला वाकले होते. सासूबाई, यमुनाबाई, हातात आमटीची पळी घेऊन थिजल्या होत्या. एवढं होऊनही पंगत बसलेलीच. सासरा आडवा पडला, तरी बसलेली. आणि मला एकदम लख्ख कळलं. जीव वाचवायला ही माणसं उठणार नाहीत. पण मारायला उठतील.

मी पहिल्या पानाला लाथ घातली. तेजसच्या. मसालेभात त्याच्या तोंडावर गेला. दुसऱ्या पानाला घातली, तिसऱ्याला, पायानं पंगतच्या पंगत उधळत गेले. जिलब्या, मठ्ठा, काय काय पायाखाली आलं. आमटीचं पातेलं होतं, उकळतं, ते दोन्ही हातांनी कलंडवलं. माझ्या पायांवर सांडलं, दोघा-तिघांच्या मांड्यांवर सांडलं, ती माणसं किंचाळत उभी राहिली. तरी सगळे उठले नाहीत. तेव्हा मी देवीचा फोटो उचलला आणि बाहेर पळाले.

उठले की नाही सांगा! सगळे उठले. शेडमध्ये जो गुरगुराट झाला तो मी जन्मात विसरणार नाही. मी पळता पळता ओरडत होते, अण्णांना उचला, अण्णांना उचला. मला खात्री होती की कोणी तरी उचलेल. शेठ होते ते. ज्यांच्या एका हाकेला दहा हमाल उभे राहतात, त्यांना दोघेजण उचलणार नाहीत? ज्यांनी हात घातला होता त्यांनीही सोडला आणि माझ्या मागे धावले. अण्णांचा अपमान झाला होता ना. त्याचा सूड घ्यायचा होता. अण्णा काय, तिथेच होते.

मी देगेच्या दारासमोर सरळ पळाले नाही. शेडबाहेर उजवीकडे वळून तुराट्यांच्या गंजीमागे गेले, जुन्या दगडखाणीच्या कड्याला लागून. तालिब माझ्याबरोबर होता, त्याचा एक हात माझ्या दंडावर. तिथे आम्हाला गाठलं. भीमरावनं तालिबला उचलून दगडावर आपटलं आणि चौघांनी त्याला तुडवायला सुरुवात केली. मला कोणी मारलं ते मी नावानिशी सांगू शकते, पण सांगून काय करायचंय, ती माणसं अजून आमच्याच गल्लीत राहतात. तोंडावर, पोटात, फुटलेल्या मनगटावर. तेजस आला, त्याच्या भुवईवर भात चिकटलेला. त्यानं माझ्या थोबाडीत मारली. पहिल्यांदाच. मग सासूबाई आल्या. त्यांनी पळी माझ्या डोक्यात हाणली, पळी वाकली तेव्हा टाकून दिली आणि माझे केस दोन्ही हातांनी धरून ओढायला लागल्या. मी फोटो छातीशी धरून गुडघ्यांत डोकं घातलं होतं. मार खात मी मनात मोजदाद करत होते. तेजस आहे. सासूबाई आहेत. भीमराव आहे. ती पदरवाली मावशी आहे. सगळे आहेत. मारा, म्हटलं, मारा, पण थोडा वेळ इथेच थांबा.

देग फुटली.

आवाजाच्या आधी जमीन हलली. मग जो आवाज झाला त्यात माझ्या कानातलं सगळं बंद पडलं. शेडचे पत्रे वर उडाले आणि कात्रजच्या उतारावर पतंगासारखे तरंगत खाली गेले. दार समोरच्या भिंतीतून आरपार निघालं आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीत जाऊन पडलं. त्याच्यामागे आगीचा लोळ, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पंगत होती तेवढ्या जागेवरून. माझ्यावरचे हात एकेक करून सुटले. भीमरावचा पाय तालिबच्या छातीवर तसाच ठेवलेला होता आणि त्याला तो काढायचं सुचत नव्हतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या फुटक्या तोंडात मला हसू आलं. म्हटलं, बघा. आता तरी बघा.

मग तेजसनं इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, अण्णा कुठे आहेत?

आग विझवायला बंब आला तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. अण्णांना चादरीत गुंडाळून बाहेर काढलं. तेजसला दाखवायला चादर उघडावी लागली, त्यानं हातातल्या कड्यावरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं. भाजलेले दोघे-तिघे दवाखान्यात होते, आमटीनं. स्फोटानं दुसऱ्या कोणाला खरचटलंही नव्हतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तेजसनं जे पाहिलं ते सांगितलं. माझ्या बायकोनं पान्यानं वडिलांचा गुडघा फोडला, ते चालू शकत नव्हते. खरंच आहे. मीही तेच सांगितलं. केस चालू आहे, मी जामिनावर आहे. बिबवेवाडीत लोक मला पाहून रस्ता बदलतात. जिवंत पायांनी बदलतात, पण त्याचं काही नाही. सुतक फिटायच्या आत कोणीतरी आमच्या दाराला काळं फासलं. तालिबच्या तीन फासळ्या मोडल्या, एका कानानं त्याला ऐकू येत नाही. भीमराव एकदा त्याच्या घरी गेला होता म्हणे, उंबऱ्यात उभा राहिला, तसाच निघून आला. तेजस वखारीत झोपतो. आमच्यात भांडणही होत नाही. भांडायला काही तरी शिल्लक असावं लागतं.

मी मात्र सगळ्यांना समजावत सुटले होते. वाण्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, वकिलासमोर. की बाबांनो, मी उठवलं नसतं तर सगळे गेले असते. लोक ऐकून घेत आणि म्हणत, पण म्हातारा गेला तो तुझ्यामुळेच ना? आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे. रात्री अंथरुणावर पडलं की अण्णा मला फरशीवर बसलेले दिसायचे, एका हातावर उठायला बघणारे. मी त्यांच्यावर प्रेम करत होते. आणि त्यांचा मला इतका राग येत होता की दात दुखायचे.

घरात आता आम्ही दोघीच. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. स्वयंपाक करायच्या, झाकून ठेवायच्या, आत जाऊन बसायच्या. मी एकटीच जेवून घ्यायचे.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसले होते. कानामागे जिथून केस उपटले गेले तिथे अजून आलेले नाहीत, रुपयाएवढा चट्टा आहे, तो मी एरवी झाकून घेते. सासूबाई वाळवण काढायला वर आल्या. त्यांना चट्टा दिसला. त्या सूप खाली ठेवून माझ्या मागे बसल्या आणि तिथे बोट ठेवलं. मी हलले नाही.

"लोक म्हणतात, तू मारलंस त्यांना," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, म्हणतात.

"मी शेडच्या दारात होते तेव्हा त्यांनी मला हाक मारली. 'यमुने' म्हणून. लग्न झाल्यापासून चारचौघांत माझं नाव कधी घेतलं नव्हतं त्यांनी. मी ऐकली ती. मला वाटलं, आधी हिचे केस हातात येऊ देत, मग जाते."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. मी काही तरी बोलायला लागले. की आई, त्यांना चालता येत नव्हतं ते माझ्यामुळे, तुम्ही गेला असतात तरी एकटीनं त्यांना कसं उचललं असतं, तुम्हीही गेला असतात. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"ते तुझं. हे माझं," त्या म्हणाल्या. "माझं मला राहू दे."

मग त्यांनी माझे ओले केस त्या चट्ट्यावरून नीट फिरवून घेतले आणि सैल अंबाडा बांधला. मला रडू आवरेना. त्या सूप घेऊन खाली गेल्या, आणि त्या दिवसापासून मी लोकांना समजावायचं सोडून दिलं.